मानेतील गादी आणि एका भगिनींचा प्रश्न



इंदूरहून एका भगिनींचे चार पानांचे पत्र मागील महिन्यात या स्तंभाकडे आले. त्यांचे यजमान शिंपीकाम करतात. वय ४२. सात महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या खांद्यातून कळ सुरू झाली, ती दंडावरून उतरत अंगठ्यापर्यंत आली, आणि आता अंगठा व त्याशेजारचे बोट बधिर झाले आहे. सुई ज्या दोन बोटांत धरावयाची, नेमकी तीच दोन बोटे. औषधे झाली, मानेचा पट्टा झाला, शेक आणि व्यायाम झाले. अखेर तपासणीत मानेच्या पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील गादी बाहेर आलेली दिसली. एका डॉक्टरांनी ती काढून दोन्ही मणके एकमेकांस जोडून टाकण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्या जागी हालचाल करणारी कृत्रिम गादी बसवावी असे सुचविले. दुसरा मार्ग अधिक खर्चाचा आहे, आणि तो पत्करावयाचा तर मुलीच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेल्या ठेवीस हात लावावा लागेल.

पत्राच्या शेवटी त्या लिहितात की, शिलाई यंत्र घेतानासुद्धा आम्ही ते चालवून पाहतो. हे यंत्र तर माणसाच्या मानेत बसवावयाचे. ते कोणी चालवून पाहिले आहे काय, आणि किती दिवस?

मी डॉक्टर नाही. दोन भाषांतील कागद समोर ठेवून दिवसभर मान वाकविणारा एक भाषांतरकार आहे, एवढीच काय ती माझी या विषयाशी जवळीक. त्यामुळे या यजमानांनी काय करावे, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु भगिनींचा प्रश्न इतका सरळ व रास्त आहे की त्याचे उत्तर शोधून सर्वांसमोर ठेवावे असे वाटले.

प्रथम शब्दाविषयी. आपल्याकडे ‘गादी सरकली’ असे सर्रास म्हणतात, आणि त्यामुळे दोन विटांमधून फळी घसरावी तसे काही चित्र मनात उभे राहते. वास्तविक गादी सबंध अशी सरकत नाही. तिच्या बाहेरच्या अंगास चिवट तंतूंचे कडे असते. त्यात थरावर थर असतात. एका थरातील तंतू उजवीकडे तिरके, तर पुढच्या थरातील डावीकडे. मध्यभागी पाण्याने भरलेला मऊ गर असतो. वयाबरोबर हा गर सुकत जातो, कड्याला भेगा पडतात, आणि एखाद्या भेगेतून गर मागच्या बाजूस डोकावतो. तेथेच मज्जारज्जू आणि त्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंची मुळे असल्याने दुखणे मानेत आणि कळ अंगठ्यात, असा चमत्कार घडतो. प्रौढ माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिला पोषण शेजारच्या हाडांतून झिरपून मिळते. यामुळे एकदा फाटलेली गादी पूर्ववत् होणे कठीण. मात्र आनंदाची गोष्ट अशी की, बाहेर आलेला गर पुष्कळदा आपोआप आक्रसतो आणि बहुसंख्य रुग्णांची कळ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून शमते. शस्त्रक्रियेचा विचार उरतो तो ज्यांची शमत नाही, किंवा ज्यांच्या मज्जारज्जूवरच दाब आला आहे, अशांसाठी.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. भगिनींच्या पत्रात दोन मार्ग जणू अगदी भिन्न असल्यासारखे आले आहेत. पण शस्त्रक्रियेचा मोठा भाग दोहोंत एकच असतो. गळ्याच्या पुढच्या बाजूने, श्वासनलिका व अन्ननलिका एका अंगास सारून शल्यविशारद मणक्यांपर्यंत पोहोचतात, बिघडलेली गादी काढून टाकतात आणि मज्जातंतूवरील दाब दूर करतात. हातातील कळ थांबते ती या दाब काढण्यामुळे. प्रश्न उरतो तो रिकाम्या झालेल्या पाच-सात मिलिमीटरांच्या फटीत काय ठेवावयाचे एवढाच.

जुने उत्तर होते हाड. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील रॉबिन्सन व स्मिथ या दोघांनी १९५५ मध्ये ही पद्धत प्रथम मांडली आणि १९५८ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केली. त्याच वर्षी होनोलुलूच्या राल्फ क्लाउअर्ड यांनी आपली निराळी पद्धत प्रसिद्ध केली. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून फटीत बसवावयाचा. काही महिन्यांत वरचा मणका, मधला तुकडा आणि खालचा मणका मिळून एकच हाड बनते. आज तुकड्याऐवजी पोकळ पिंजरा व पुढे धातूची पट्टी वापरतात. तत्त्व तेच आहे. ही पद्धत इतकी यशस्वी ठरली की तिच्याविषयी तक्रार करावयास जागा नव्हती. तक्रार उशिरा आली, आणि ती शेजाऱ्यांकडून आली.

मानेचे सात मणके मिळून मान हलवितात. त्यांतील एक सांधा बंद झाला तर त्याच्या वाटणीची हालचाल वरच्या व खालच्या सांध्यांवर पडणार, हे कोणासही सुचेल. हिलिब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा ३७४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर वर्षी सुमारे २·९ टक्के रुग्णांत शेजारच्या सांध्याचे नवे दुखणे उद्भवत होते. दहा वर्षांत ते सुमारे एकचतुर्थांश रुग्णांना गाठील असा त्यांचा हिशोब निघाला. कृत्रिम गादीचा पुरस्कार करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक लेखात हा आकडा येतो. त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. ज्यांचे एकाहून अधिक सांधे जोडले होते, त्यांच्यात हे नवे दुखणे कमी आढळले. जोडणे हेच एकमेव कारण असते तर उलटे दिसावयास हवे होते. म्हणजे शेजारचा सांधा बिघडण्यात जोडण्याचा वाटा किती आणि वयाचा किती, हा वाद तेव्हाही होता व अजूनही पुरता मिटलेला नाही.

तर मग हाडाऐवजी हलणारी वस्तू का ठेवू नये? हा विचार काही नवा नव्हे. स्वीडनमधील उड्डेव्हाला येथील उल्फ फर्नस्ट्रॉम यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून रुग्णांच्या मणक्यांमध्ये चक्क स्टेनलेस पोलादाचा गुळगुळीत गोळा बसविण्यास आरंभ केला आणि १९६६ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. दक्षिण आफ्रिकेत राइट्झ व जूबर्ट यांनी १९६४ मध्ये मानेतील धातूच्या गाद्यांविषयी लिहिले. गोळ्यावर मणका कसाही कलू शकतो. कल्पना किती सुटसुटीत! पण गोळा मणक्याला टेकतो तो अगदी लहानशा जागेवर. पावसाळ्यात अंगणातील ओल्या मातीवर खाट ठेवली की तिचे पाय रुततात, म्हणून आपण त्यांखाली वीट सरकवितो. गोळ्याखाली अशी वीट नव्हती. तो हाडात रुतत गेला, फट पुन्हा मिटली, आणि ही पद्धत मागे पडली. आजच्या प्रत्येक कृत्रिम गादीस वर आणि खाली रुंद तबकड्या असतात, त्या या फसलेल्या प्रयोगाची देणगी होत. तबकडी जितकी हाडाच्या कडेपर्यंत पोहोचेल तितकी बरी, कारण मणक्याचे हाड मध्यभागी मऊ व कडेला कठीण असते.

(कमरेच्या कृत्रिम गादीची कथा वेगळी आहे. तरी ती पूर्व बर्लिनमध्ये ज्यांनी १९८० च्या दशकात सिद्ध केली त्यांपैकी कारिन ब्युटनर-यान्झ या १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळविणाऱ्या कसरतपटू होत्या, हे सांगण्याचा मोह आवरत नाही.)

मानेच्या गादीचा आधुनिक इतिहास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील फ्रेंचे रुग्णालयात सुरू होतो. तेथील शल्यविशारद ब्रायन कमिन्स यांनी रुग्णालयाच्याच यंत्रशाळेच्या मदतीने १९८९ च्या सुमारास पोलादाचा एक छोटा सांधा तयार करविला. वरच्या भागात गोळा, खालच्यात वाटी, आणि दोन्ही भाग पुढच्या बाजूने स्क्रूंनी मणक्यांस पक्के. १९९१ ते १९९६ या काळात त्यांनी २० रुग्णांत असे २२ सांधे बसविले आणि १९९८ मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तो वाचताना लेखकांच्या प्रामाणिकपणाविषयी आदर वाटतो. काही स्क्रू मोडले, काही सैल होऊन बाहेर आले. पुढे आलेल्या जाड भागामुळे रुग्णांना काही काळ घास गिळताना त्रास झाला. एक सांधा सैल वाटल्याने काढावा लागला. तो घडविण्यातच चूक झाली होती. दोन रुग्णांत सांधा हललाच नाही, आणि त्याचे कारण मोठे बोधक होते. बसविलेले सांधे आकाराने इतके मोठे होते की मणक्यांचे मागचे लहान सांधे एकमेकांपासून पार दूर गेले होते. मान काही एका गादीवर हलत नाही. प्रत्येक पातळीवर पुढे गादी आणि मागे दोन लहान सांधे अशी तिवई असते, आणि एक पाय उंच केला की बाकीचे दोन अधांतरी राहतात.

पुढे स्टीव्हन गिल यांनी या सांध्याची वाटी बदलली. खोल वाटीच्या जागी उथळ, लांबट बशी आली. हा बदल किरकोळ दिसेल, पण कृत्रिम गादीची सारी अडचण त्यात साठविलेली आहे. आपण मान खाली घालतो तेव्हा वरचा मणका केवळ कलत नाही. कलता कलता तो किंचित पुढे घसरतो. त्याच्या फिरण्याचा मध्यबिंदू गादीत नसून खालच्या मणक्याच्या शरीरात असतो, आणि तो प्रत्येक पातळीवर निराळा. वरच्या पातळ्यांवर तो खोल, खालच्या पातळ्यांवर गादीच्या जवळ. घट्ट वाटीतला गोळा एकाच बिंदूभोवती फिरणार. तो बिंदू निसर्गाच्या बिंदूशी जुळला नाही, की मागचे लहान सांधे प्रत्येक होकारागणिक ओढले जाणार. बशी उथळ केली की गोळा आपली जागा आपण शोधतो. पण मग त्याला रोखणार कोण? तेथे स्नायू व स्नायुबंध यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. कोणी गोळा घट्ट ठेवतो, कोणी मोकळा, कोणी दोन तबकड्यांमध्ये तरंगता गाभा घालतो. प्रत्येक आराखडा हा हालचाल आणि आवर या दोहोंमधील एकेक तडजोड आहे.

या ‘आवरा’चे मोजमाप करण्याची रीत ज्यांनी घालून दिली त्यांत येल विद्यापीठाचे भारतीय वंशाचे अभियंते मनोहर पंजाबी यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी व शल्यविशारद ऑगस्टस व्हाइट यांनी १९७८ मध्ये लिहिलेला कण्याच्या यांत्रिकीवरील ग्रंथ या विषयातील सर्वांनी अभ्यासलेला आहे. देहदानातून मिळालेले मणके चिमट्यात पकडून त्यांना ठरावीक पीळ द्यावयाचा आणि ते किती अंश कलतात ते मोजावयाचे, अशी ती परीक्षा. पंजाबी यांच्या ध्यानी आले की निरोगी सांधा मधल्या स्थितीच्या आसपास जवळजवळ विनासायास हलतो, आणि कडेकडे जाता जाता अधिकाधिक विरोध करू लागतो. दुखापत झालेल्या सांध्यात एकूण हालचाल फारशी वाढलेली नसतानाही हा मधला सैल टापू मात्र वाढलेला असतो. आपली गादी झोपाळ्यासारखी नसून, आधी मऊ आणि मग कठीण होत जाणाऱ्या स्प्रिंगसारखी आहे. गुळगुळीत धातूचा गोळा मात्र शेवटपर्यंत सारखाच निसरडा, आणि कड आली की एकदम ठोकर. म्हणून किती अंश हलते, हा प्रश्न अपुरा आहे. कशी हलते, हेही विचारावयास हवे.

आता भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे वळू. यंत्र चालवून पाहिले आहे काय?

होय. आणि ते पाहिले नाही तर काय होते, याची आठवण शल्यविशारदांना कायमची आहे. इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस खुब्याच्या कृत्रिम सांध्यात टेफ्लॉनची वाटी वापरली. इतका निसरडा पदार्थ दुसरा नव्हता. सुमारे ३०० रुग्णांत तो बसविला गेला, रुग्ण हिंडूफिरू लागले, आणि दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजून त्यांच्या भुग्याभोवती सूज व गाठी धरू लागल्या. चार्न्ली यांना एकामागून एक सांधे काढावे लागले. त्यानंतर एका विक्रेत्याने, मागांच्या दंतचक्रांसाठी वापरला जाणारा पॉलिथिलीनचा एक तुकडा आणून दाखविला. चार्न्ली यांनी तो नखाने दाबून बाजूस सारला. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविला. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे तितकेही हे द्रव्य तीन आठवड्यांत झिजले नाही. १९६२ पासून तेच खुब्यात आले, आणि त्याच जातीचे पॉलिथिलीन आज मानेच्या अनेक गाद्यांतही आहे. चार्न्ली यांनी पुढे दोन्ही द्रव्यांचे नमुने स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, हेही येथे सांगितले पाहिजे.

मानेच्या गादीची झीज मोजण्याचे नियम आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केले. यंत्रात गादीचे सहा किंवा अधिक नमुने एकाच वेळी बसवितात. ते बुडविलेले असतात वासराच्या रक्तापासून काढलेल्या पातळ रक्तद्रवात, आणि तो शरीराइतकाच म्हणजे ३७ अंश उष्ण ठेवतात. पाणी चालत नाही, कारण रक्तद्रवातील प्रथिने वंगणाचे काम करतात, आणि साध्या पाण्यात झीज वेगळ्या प्रकारे होते. प्रत्येक आवर्तनात गादी पुढे व मागे साडेसात-साडेसात अंश कलते, दोन्ही बाजूंस सहा-सहा अंश झुकते, आणि चार-चार अंश फिरते. तिच्यावरील भार ५० ते १५० न्यूटन, म्हणजे सुमारे ५ ते १५ किलोग्रॅम वजनाइतका, कमीजास्त होत राहतो. डोक्याचे वजन पाच किलोंच्या आतबाहेर. मग इतका भार कशासाठी? कारण डोके तोलून धरताना मानेचे स्नायू मणक्यांना खाली ओढतात, आणि मान जितकी वाकवावी तितकी ही ओढ वाढते. शिंप्याच्या बाबतीत हे वेगळे सांगावयास नकोच.

या तिन्ही हालचाली एकाच लयीत ठेवीत नाहीत. झुकणे हे कलण्याच्या पाव फेरी मागेपुढे ठेवतात. याचे कारण मला फार सुंदर वाटले. पॉलिथिलीन एकाच सरळ रेषेत घासले तर त्याचे लांब रेणू त्या दिशेस ओळीने लागतात आणि झीज जवळजवळ थांबते. पण मधूनच आडवे घासले की त्याच ओळी उसवतात. खरी मान सरळ रेषेत कधीच हलत नाही. जुन्या यंत्रांपैकी काही सरळ रेषेत हलत, आणि त्यांनी दिलेले उत्तर अर्थातच गोड असे.

सेकंदास एक आवर्तन या गतीने यंत्र रात्रंदिवस चालते. दिवसास ८६,४०० आवर्तने होतात. एकूण एक कोटी आवर्तने पुरी करावयाची. म्हणजे रक्तद्रव बदलण्यासाठी व नमुने तोलण्यासाठी थांबलेला वेळ वगळूनही जवळजवळ चार महिने. रक्तद्रव नासतो म्हणून काही दिवसांनी तो बदलतात, आणि जुना टाकून न देता गाळतात, कारण झिजलेले कण त्यातच असतात. वजन करण्यातही एक गोम आहे. पॉलिथिलीन द्रव शोषून जड होते, त्यामुळे झीज झाकली जाते. यासाठी एक नमुना त्याच द्रवात, त्याच भाराखाली, न हलविता ठेवतात. त्याचे वजन जेवढे वाढले तेवढे इतरांच्या हिशोबात धरतात. अशा काटेकोरपणाने काही मिलिग्रॅमांची झीज पकडली जाते. मिलिग्रॅम म्हणजे काहीच नव्हे असे वाटेल. पण एकेक कण मिलिमीटराच्या हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतो. शरीरातील भक्षक पेशी तो गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि त्यांच्या धडपडीत आजूबाजूचे हाड विरघळू लागते.

एक कोटी आवर्तने म्हणजे किती वर्षे? जाहिरातीत याचे उत्तर झटपट मिळते. आपण स्वतः हिशोब करून पाहू. दिवसाकाठी ३०० वेळा मान मोठ्या कोनातून हलत असेल तर एक कोटी पुरे होण्यास ९१ वर्षे लागतील. ३,००० वेळा हलत असेल तर ९. यंत्र आवर्तने मोजते; वर्षे ती मान वापरणाऱ्यावर अवलंबून. भगिनींनी एक दिवस यजमानांच्या शेजारी बसून, शिवणीवरून नजर घड्याळाकडे आणि गिऱ्हाइकाकडे किती वेळा जाते ते मोजून पाहावे.

आणि यंत्राला ठाऊक नसलेल्या गोष्टीही आहेत. ते गादी नेहमी सरळ, मध्यभागी व योग्य मापाची बसलेली आहे असे धरून चालते. रुग्णांतून काढाव्या लागलेल्या अनेक गाद्या तपासल्या तेव्हा त्यांच्या काठांवर एक तबकडी दुसरीवर आदळल्याच्या खुणा सापडल्या. नेहमीच्या परीक्षेत या खुणा उमटत नाहीत. यंत्रात हाड वाढत नाही. माणसात मात्र पुष्कळदा गादीभोवती नवे हाड धरते, आणि काही वर्षांनी हालचालीसाठी बसविलेला सांधा मुकाट्याने बंद होतो. बहुधा त्याने दुखत नाही. पण अधिक पैसे मोजून घेतलेली हालचाल गेलेली असते. एका गादीत तर निसर्गाची हुबेहूब नक्कल होती. मध्ये लवचिक गाभा, भोवती विणलेल्या तंतूंचे कडे, त्यावर पातळ आवरण. तिचा आराखडा पाहून मन प्रसन्न होते. तिने प्रयोगशाळेतील परीक्षा दिल्या, २०१९ मध्ये तिला अमेरिकेत मान्यताही मिळाली. आणि तरीही काही रुग्णांत वर्षांनंतर तिच्याभोवतीचे हाड विरघळल्याचे व ती काढावी लागल्याचे वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकांत आले.

म्हणून शेवटची परीक्षा माणसांवरच होते. ब्रिस्टलच्या सांध्याची सुधारलेली आवृत्ती अमेरिकेतील ३२ ठिकाणी ५४१ रुग्णांत तपासली गेली. कोणास काय बसवावयाचे ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरले. २७६ जणांना गादी, २६५ जणांचे मणके जोडलेले. जुलै २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. त्या देशात मान्यता मिळालेली मानेची ती पहिली कृत्रिम गादी. सात वर्षांनंतरचा हिशोब असा की, शेजारच्या पातळीवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण गादीवाल्यांत सुमारे ५ टक्के आणि जोडलेल्यांत सुमारे १२ टक्के होते. फरक लहान नाही. तथापि परीक्षेचा भार उत्पादक कंपनीने उचलला होता, आणि आपल्या मानेत काय आहे हे रुग्णांना व शल्यविशारदांनाही ठाऊक होते. पुन्हा शस्त्रक्रिया करावी की थांबावे, हा निर्णय अशा वेळी अगदी निर्विकार राहत नाही. आणखी एक गोष्ट उलट बाजूने पाहण्यासारखी आहे. या आकड्यांनुसार ज्यांचे मणके जोडले होते त्यांच्यापैकी शंभरांतील सुमारे ८८ जणांना सात वर्षांत शेजारच्या पातळीसाठी पुन्हा शस्त्रक्रियेच्या मेजावर जावे लागले नाही.

इंदूरच्या भगिनींना मी लिहिले ते असे. कळ थांबविण्याचे मुख्य काम दोन्ही शस्त्रक्रिया सारखेच करतात. तेव्हा स्वस्त मार्ग निवडला तर यजमानांच्या अंगठ्याशी आपण प्रतारणा केली असे मनात आणू नये. गादी कोणत्या नावाची आहे ते विचारावे, आणि यंत्रावर किती कोटी आवर्तने झाली हे विचारण्याऐवजी ती माणसांच्या मानेत किती वर्षे आहे ते विचारावे. दहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या गाद्या आज आहेत. मागचे लहान सांधे झिजलेले असतील, हाडे ठिसूळ असतील, किंवा मणक्यांमागचा स्नायुबंध हाडासारखा कठीण झाला असेल, तर हलणारी गादी सहसा बसवीत नाहीत. यजमानांच्या बाबतीत हे पाहिले आहे काय, हे स्पष्ट विचारावे. शस्त्रक्रिया झालीच तर गादीच्या वेष्टनावरील नाव, माप व क्रमांकाची चिठ्ठी कागदपत्रांत जपून ठेवावी. एखाद्या गादीत पुढे दोष आढळला तर ती कोणाच्या मानेत आहे हे त्या चिठ्ठीवरूनच कळते.

आणि एक गोष्ट मी पत्रात ठळक अक्षरांत लिहिली. दोन्ही हातांची बोटे बेतालपणे चालू लागली, गुंडी लावणे किंवा सुईत दोरा ओवणे जमेनासे झाले, चालताना तोल जाऊ लागला, अथवा लघवीवरचा ताबा ढळू लागला, तर हिशोब करीत बसू नये. तो मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावे.

त्यांचे उत्तर परवाच आले. यजमानांचा अंगठा अजून बधिरच आहे, परंतु रात्रीची कळ थोडी उतरली आहे आणि डॉक्टरांनी आणखी सहा आठवडे वाट पाहण्यास संमती दिली आहे. शिलाई यंत्राखाली चार विटा घालून ते उंच केले आहे, म्हणजे मान कमी वाकावी. कापड बेतण्याचे काम सध्या मुलगी करते. आणि माझ्या सूचनेप्रमाणे त्यांनी एक दिवस मोजणी केली. दुपारच्या जेवणापर्यंत ४१२ झाले, पुढे गिऱ्हाईक आल्याने मोजणी राहून गेली.